रिकाम्या काचपेटीसमोरची रांग

वार्षिक अंकासाठी साहित्य मागवताना सूचनाफलकावर ‘कला, संस्कृती, समाज’ असे तीन शब्द लिहिले होते. या तिहींत कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी नेमके कुठे बसायचे, हा प्रश्न दरवर्षीचाच. आमच्या वाट्याला आला जमाखर्च, आणि कला म्हणजे पलीकडच्या इमारतीतल्या आर्ट्सवाल्यांचे वतन! तरीही यंदा धीर करून मी एका चित्रपटावर लिहिते आहे. चित्रपट मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीही नाही. चक्क मेक्सिकोचा आहे. कारण एवढेच की तो जो प्रश्न विचारतो तो मला आधीच ओळखीचा होता. कसा, ते पुढे सांगेन.

चित्रपटाचे नाव ‘मुसेओ’, म्हणजे संग्रहालय. दिग्दर्शक आलोन्सो रुइसपालासिओस. साल २०१८. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात पटकथेसाठी त्याला रौप्य अस्वल मिळाले. ही पटकथा रुइसपालासिओस आणि मानुएल आल्काला या दोघांची. वसतिगृहातल्या माझ्या कन्नड मैत्रिणीने तो आपल्या लॅपटॉपवर लावला. संवाद स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरे. मराठी शाळेतून आलेल्या माझ्यासारखीची एक ओळ वाचून होईपर्यंत दुसरी आलेली असे. सारखे थांबवत थांबवत दोन तासांचा चित्रपट आम्ही साडेतीन तास पाहिला, आणि संपल्यावर दीड तास भांडलो. हा लेख म्हणजे त्या भांडणाचाच काहीसा सभ्य उतारा समजावा.

आधी खरी घडलेली हकिगत सांगते, कारण चित्रपट तिच्यावरच बेतला आहे.

मेक्सिको शहरात चापुल्तेपेक नावाचे मोठे उद्यान आहे. तिथे राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. १९६४ च्या सप्टेंबरात ते उघडले. पेद्रो रामिरेस वास्केस या वास्तुशिल्पकाने त्याच्या चौकावर एकाच खांबावर तोललेले प्रचंड छत्र उभारले आणि त्या छत्रातून पाण्याची धार सोडली. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्या भूमीवर जे जे होते, माया, अझटेक, सापोतेक, त्या साऱ्यांच्या वस्तू इथे एका छपराखाली आल्या. मेक्सिकोच्या माणसाला ‘तू कोण’ असे विचारले तर त्याने इथे बोट दाखवावे, अशी ती जागा.

१९८५ च्या नाताळच्या आदल्या रात्री तिथे चोरी झाली. तीनच महिन्यांपूर्वी, १९ सप्टेंबरला, त्या शहराने भीषण भूकंप सोसला होता. त्या जखमेवर हे मीठ. कुंपणावरून उड्या मारून, वातानुकूलनाच्या नळीतून सरपटत चोर आत शिरले आणि शंभराहून अधिक वस्तू घेऊन गेले. पहारेकरी होते, पण सण होता. धोक्याची घंटा होती, पण ती चालत नव्हती. (आमच्या ऑडिटच्या भाषेत याला ‘अंतर्गत नियंत्रणाचा अभाव’ म्हणतात. परीक्षेत पाच गुणांना येतो.) गेलेल्या बहुतेक वस्तू तळहातावर मावतील एवढ्या; पण त्यांत पालेंकेच्या पाकाल राजाचा हिरव्या जेडचा मुखवटा होता, मोन्ते आल्बानचा सापोतेकांचा वटवाघूळ-देव होता, आणि काळ्या ज्वालाकाचेतून कोरलेले माकडाच्या आकाराचे एक पात्र होते. पाकाल सन ६८३ मध्ये वारला. त्याचे थडगे आल्बेर्तो रुस या संशोधकाने १९५२ साली शोधून काढले. सुमारे पावणेतेराशे वर्षे अंधारात राहिलेला तो चेहरा उजेडात येऊन तेहेतीस वर्षे होतात न होतात तोच पुन्हा अंधारात गेला.

पोलिसांनी तर्क केला की हे काम परदेशी, सराईत टोळीचे. विमानतळ आणि सरहद्दी रोखल्या गेल्या. प्रत्यक्षात चोर होते शहराच्या सातेलिते नावाच्या सुखवस्तू उपनगरातले दोन तरुण, पशुवैद्यकाचा अभ्यास अर्धवट सोडलेले. सहा महिने ते संग्रहालयात पुन्हा पुन्हा येऊन पाहणी करत होते. आणि तो अमोल ठेवा? तो पुष्कळ काळ त्यांतल्या एकाच्या आईवडिलांच्या घरी, कपाटातल्या एका बॅगेत पडून होता! १९८९ साली मादक पदार्थांच्या धंद्यातला एक इसम पकडला गेला, त्याने तोंड उघडले आणि जवळजवळ सगळे परत मिळाले. दोघांपैकी एक चोर मात्र कधीच सापडला नाही.

मला सगळ्यांत जास्त चटका लावणारी गोष्ट यापुढची. चोरीनंतर संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा लोकांनी गर्दी केली. कशासाठी? रिकाम्या काचपेट्या पाहण्यासाठी. मुखवटा जागेवर होता तेव्हा ज्यांना कधी सवड झाली नाही ते आता त्याची रिकामी जागा पाहायला रांगेत उभे राहिले. काचेमागे मखमल, तिच्यावर वस्तूचा ठसा, आणि समोर माणसांची रीघ. थट्टा करण्यासारखे यात काही नाही. घरातले माणूस गेल्यावर आपणही त्याच्या खुर्चीकडे अधिक वेळ पाहतो.

आता चित्रपट. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की ही मूळ हकिगतीची प्रतिकृती आहे. ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी आपण शेकडो वेळा वाचली आहे. तिच्यावर कुणाचा विश्वास असतो? ‘प्रतिकृती’ या शब्दात मात्र एक प्रामाणिकपणा आहे. संग्रहालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चिनीमातीच्या मुखवट्यासारखी ही गोष्ट आहे, तिला अस्सल समजून भाव देऊ नका, असे दिग्दर्शक आधीच बजावतो. मग त्याला हवे ते करायला तो मोकळा होतो, आणि तो करतोही.

सुरुवातीला हे घरगुती प्रहसन वाटते. नाताळची रात्र, भरलेले घर, आणि पोरगा काही धड करत नाही म्हणून सगळ्यांच्या टोमण्यांचा धनी झालेला हुआन. ही भूमिका गाएल गार्सिया बेर्नालने केली आहे. तीस ओलांडूनही आईवडिलांच्या जिवावर जगणाऱ्या, फुशारकीखोर माणसाचे त्याने जे दर्शन घडवले आहे ते पाहताना आपल्या गल्लीतले दोनतीन जण तरी डोळ्यांसमोर येतात. त्याचा मित्र विल्सन आजारी बापाला घरी ठेवून त्याच्या मागे फरफटतो. गोष्ट सांगतो तो हाच विल्सन. मग चोरीचा प्रसंग येतो आणि चित्रपट एकदम मुका होतो. बोलणे जवळजवळ नाहीच. नळीतले घासणे, काच कापण्याचा आवाज, श्वास. माझी मैत्रीण मधेच म्हणाली, “अगं, खाली अक्षरे का येत नाहीत?” बोलतच नव्हते कुणी, येणार कुठून! त्यानंतर तो प्रवासपट होतो. चोरीचा माल गाडीत, वाटेत सैनिकांची चौकी, मग पालेंकेचे अवशेष, मग आकापुल्कोचा समुद्रकिनारा. मारामारी आली की चित्र हलायचे थांबते आणि निश्चल छायाचित्रे एकामागून एक पडतात, जणू दिग्दर्शकच म्हणतो आहे, ‘हे मी रचले आहे बरे का!’ गुन्हेपट, विनोद, कौटुंबिक दुःख, प्रवास, सगळे एका ताटात. आमच्याकडे मिसळीत जे चालते ते इथेही चालून गेले आहे.

सगळेच साधले आहे असे मात्र नाही. आकापुल्कोचा भाग लांबला आहे. तिथल्या एका उतरत्या काळातल्या नर्तकीच्या मागे हुआन लागतो तेव्हा आम्ही दोघीही चहा करायला उठलो. बायकांच्या भूमिका एकूणच पातळ. पण त्याच गावात चित्रपटातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडतो, आणि तो शुद्ध वाणिज्य शाखेचा आहे!

दोघे चोर एका इंग्रज संग्राहकाकडे माल घेऊन जातात. तो जाणकार आहे. मुखवटा पाहून त्याचे डोळे चमकतात. पण खरेदीचे नाव निघताच तो हात झटकतो. अशा वस्तूला जगात गिऱ्हाईकच नाही. सगळ्या जगाला ठाऊक आहे की ही कुठून आली. जी अमोल आहे तिला मोल येणार कुठून?

मी ‘थांबव, थांबव’ म्हणून ओरडले. मालसाठ्याचे मूल्यांकन आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकायला लावले आहे: घातलेला खर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम, दोन्हींत जी कमी ती धरायची. या नियमाने त्या बॅगेची किंमत काय? विकून हाती येणार शून्य, म्हणून शून्य! तीच बॅग पाच तासांवरच्या त्या काचपेटीत रिकामी केली की तिची किंमत एका राष्ट्राएवढी. माल तोच आणि कारागिरीही तीच. बदलली ती फक्त जागा. ज्या सार्वजनिक मालमत्तेची मूळ किंमत ठाऊक नाही ती नाममात्र एक रुपयाला पुस्तकात दाखवण्याची रीत आपल्याकडे हिशेबात आहे. पूर्वी मला ती हास्यास्पद वाटे. हा प्रसंग पाहिल्यावर वाटते की तो रुपया म्हणजे एक प्रकारची नम्रता आहे. हिशेबनीस कबूल करतो की इथे माझी विद्या संपली, पण वस्तू आहे याची नोंद मात्र मी ठेवणार.

इथपर्यंत आम्हा दोघींचे एकमत होते. भांडण पेटले ते त्या दगडावरून.

चित्रपटात एका प्रचंड शिळेच्या प्रवासाची जुनी चित्रफीत येते. ती खरी आहे. संग्रहालय बांधले जात असताना, दाराशी उभी करायला सरकारला एक भव्य मूर्ती हवी होती. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर कोआत्लिन्चान नावाचे गाव. त्या गावाच्या ओढ्यात पर्जन्यदेव त्लालोकची मानली जाणारी, सात मीटर लांब, सुमारे १६८ टन वजनाची शिळा शतकानुशतके आडवी पडून होती. सरकारने गावाला रस्ता, शाळा, दवाखाना देऊ केला आणि दगड न्यायचे ठरवले. गावकरी बिथरले. नेण्यासाठी बांधलेली दोरखंडे त्यांनी सोडली, गाड्यांची चाके निकामी केली. मग सैन्य आले. १६ एप्रिल १९६४ रोजी असंख्य चाकांच्या खास गाडीवर चढून तो देव राजधानीत पोहोचला. रस्त्याच्या दुतर्फा माणसे, दिव्यांचा झगमगाट, आणि पावसाळा नसताना मुसळधार पाऊस! शहरवासी म्हणाले, देव प्रसन्न झाला. कोआत्लिन्चानचे लोक सांगतात, देव गेला आणि आमचा पाऊस घेऊन गेला.

आणि गंमत पाहा. ती मूर्ती त्लालोकची आहे की नाही याबद्दलच जाणकारांत वाद आहे. ती जलदेवता चाल्चिउत्लिकुए असावी असे मानणारेही अनेक आहेत. म्हणजे देवाला घरातून उचलले, आणि कदाचित चुकीच्या नावाने दाराशी उभे केले.

“मग चोर कोण?” माझी मैत्रीण कडाडली. “त्या दोघांनी रात्री नेले, यांनी दिवसा नेले. त्यांच्याकडे पिशवी होती, यांच्याकडे सैन्य. एवढाच फरक! आणि तुरुंगात फक्त पिशवीवाला.”

हे ऐकायला फार झणझणीत आहे, आणि चित्रपट पाहून बाहेर पडणारे पुष्कळ तरुण हेच म्हणत असतील. पण मला ते पटत नाही. कपाटातल्या बॅगेत पडलेला मुखवटा कुणाचाच नव्हता. चोराचाही नव्हता, कारण त्याला तो ना दाखवता येत होता ना विकता. संग्रहालयाच्या दाराशी उभी असलेली शिळा कोआत्लिन्चानची म्हातारीसुद्धा जाऊन पाहू शकते. मेक्सिकोने १९७२ साली कायदा केला की स्पॅनिशपूर्व काळातल्या सर्व वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या, कुणा एकट्याच्या नव्हेत. हा कायदा नसता तर ते इंग्रज संग्राहक हात झटकते ना! चिचेन इत्सा इथल्या पवित्र विहिरीतून विसाव्या शतकाच्या आरंभी एका अमेरिकनाने गाळ उपसून काढलेल्या वस्तू हार्वर्डच्या संग्रहालयात गेल्या. त्यांतल्या काही पुढे परत आल्या, पण सगळ्या नव्हेत. अशा लुटीपुढे भिंत उभी करायची तर ती राष्ट्रालाच करावी लागते. एकट्या गावाच्या आवाक्यातले ते काम नव्हे.

“म्हणजे सरकारने काहीही न्यावे?” ती म्हणाली.

आणि इथे मी गप्प झाले. कारण मला माझे आजोळ आठवले.

आजोळच्या गावात वेशीपाशी एक वीरगळ होता. माझी मैत्रीण त्याला वीरगल्लु म्हणते. आपल्या शब्दातला ‘गळ’ हा तिच्या भाषेतलाच ‘कल्लु’, म्हणजे दगड. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग, आणि कडेला सूर्यचंद्र. कोण वीर, कुठली लढाई, कुणाला ठाऊक नाही. आजी दर अमावास्येला त्याला तेल घाली. मी सातवीत असताना रस्ता रुंद झाला आणि सरकारी गाडी येऊन दगड घेऊन गेली. कुणी आडवे गेले नाही. रस्ता सगळ्यांनाच हवा होता. पुढे तालुक्याच्या एका कार्यालयाच्या आवारात तो मला दिसला. दोन कुंड्यांच्या मधे, स्वच्छ धुतलेला, भिंतीला टेकवलेला. तोडफोड नाही, चोरी नाही. फक्त त्याच्यावर काही लिहिलेले नाही. कुठल्या गावचा, कधी आणला, का आणला, एक अक्षर नाही. आजीला मी सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, “तिथं तेल घालू देतात का गं?”

मैत्रिणीला मी हे सांगितले. ती जिंकल्यासारखी हसली नाही, हे तिचे मोठेपण.

तेव्हापासून मी या चित्रपटाचा पुन्हा विचार करते आहे. चोर आणि संग्रहालय एकच, हे मला आजही मान्य नाही. पण दोघांत जो फरक आहे तो कशाने टिकतो? दार उघडे असल्याने टिकतो, हे खरे. आणि दुसरी गोष्ट, वस्तू कशी आली हे सांगितल्याने. चोराला ते सांगता येत नाही, सांगितले की तो पकडला जातो. ज्याने ती सर्वांसाठी आणली त्याला सांगायला हरकत कसली? दाराशी पर्जन्यदेवाची महती लिहायची, उंची आणि वजन लिहायचे, आणि ज्या रात्री गावकऱ्यांनी दोरखंडे सोडली ती रात्र मात्र गाळायची, हे कुठेही झाले तरी ती गोष्ट लपवलेली राहते. लपवलेले सत्य म्हटले की आपण तळघरे आणि गुप्त कागद शोधतो. पुष्कळदा ते दिवसाढवळ्या दाराशी उभे असते, शेजारच्या पाटीवर दोन ओळी कमी असतात, एवढेच.

रुइसपालासिओसचा चित्रपट त्या दोन ओळी लिहितो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. चोरीच्या गोष्टीत दगडाची गोष्ट घालायची त्याला काही गरज नव्हती. गुन्हेपट पाहायला आलेल्याला त्याने ती अलगद खिशात टाकून दिली. माझी तक्रार आहे ती वेगळी. त्या चित्रफितीत कोआत्लिन्चानचे लोक दिसतात, पण बोलत नाहीत. बोलतात ती सातेलितेची शिकलेली पोरे. ज्यांना त्या लोकांचे ऐकायचे असेल त्यांच्यासाठी २०१३ चा ‘ला पिएद्रा आउसेन्ते’, म्हणजे ‘गैरहजर दगड’, नावाचा माहितीपट आहे. सांद्रा रोसेन्ताल आणि जेसी लर्नर यांनी तो त्या गावावरच केला आहे.

आणखी एक तक्रार. हुआन शेवटी तो ऐवज घेऊन स्वतःच संग्रहालयाकडे परत येतो. प्रेक्षकाला बरे वाटते. पण खरा चोर परत आला नव्हता. आधी बॅग कपाटात सडत होती, मग मादक पदार्थांच्या लोकांशी त्याचे साटेलोटे झाले, आणि शेवटी पोलीस आले. प्रतिकृती मुळापेक्षा देखणी झाली की सावध राहावे, असे मला वाटते. अर्थात दिग्दर्शक म्हणेल, मी तर आधीच सांगितले होते! त्याला पकडणे कठीण आहे.

पण प्रतिकृतीला नुसते हसून चालत नाही, हे मेक्सिकोच्या उदाहरणावरून कळते. मोक्तेसुमा राजाचा म्हणून ओळखला जाणारा हिरव्या पिसांचा शिरपेच व्हिएन्नात आहे. मेक्सिकोच्या याच संग्रहालयात त्याची १९४० साली केलेली प्रतिकृती आहे, आणि लोक तिच्यासमोर गंभीरपणे उभे राहतात. कोआत्लिन्चानच्या चौकातही २००७ पासून त्या शिळेची प्रतिकृती उभी आहे. आणि तोनालामात्ल ओबिन नावाच्या अझटेक पोथीची तऱ्हा तर याहून निराळी. एकोणिसाव्या शतकात ओबिन नावाचा फ्रेंच माणूस ती मेक्सिकोतून घेऊन गेला. पुढे ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आली. १९८२ साली एका मेक्सिकन गृहस्थाने ती तिथून उचलली आणि मायदेशी आणली. फ्रान्सच्या लेखी चोर, मेक्सिकोत अनेकांच्या लेखी वीर. पोथी आजही मेक्सिकोतच आहे. ‘मुसेओ’मधली चोरी याच्या तीनच वर्षांनंतरची. एका चोरीला हार आणि दुसरीला शिव्या, असे का, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला आली तेव्हा ती तीन वर्षांच्या बोलीने, उसनी आली होती. आपल्यातल्या कितीजणांनी ‘उसनी’ हा शब्द लक्षात घेतला?

मैत्रीण म्हणते की माझा लेख फार मवाळ आहे. वीरगळ परत मागायला हवा. मला तसे वाटत नाही. वेशीपाशी आता रस्ता आहे, दगड तिथे ठेवला तर एखादा ट्रक त्याला दोन दिवसांत आडवा करील. आवारात तो सुरक्षित आहे. शिवाय तालुक्याला जाणारा कुणीही तो पाहू शकतो, असे मीच तर दीड तास ओरडून सांगत होते. मला हवी आहे ती फक्त पाटी.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून एक अर्ज केला. तिने कन्नडमध्ये लिहिला, मी मराठीत, आणि दोन्ही एकाच पाकिटात घातले. गावाचे नाव, दगड हलवल्याचे साल, तो मूळ कुठे उभा होता याचा हाताने काढलेला नकाशा, आणि विनंती एकच: हे सारे दोन्ही भाषांत लिहून शेजारी लावावे. खर्च फार वाटल्यास पत्र्याचे आणि रंगाऱ्याचे पैसे आम्ही देऊ, असेही लिहिले. पेंटरकडे चौकशी केली तर तो आठशे रुपये म्हणाला. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारले, “हा दगड आमच्याकडे आहे?” आम्ही त्यांना खिडकीतूनच तो दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पोच दिली, शिक्का मारून, आवक क्रमांक घालून. ती मी जपून ठेवली आहे. उत्तर अजून आलेले नाही.